कागदाचं नाव घेऊन मागा: टँकरच्या खेपा, रस्त्याची मोजमाप पुस्तिका (एमबी) आणि माहितीचा अधिकार

"गावात टँकरचं पाणी कमी का येतं, याची माहिती द्यावी." मराठवाड्यात उन्हाळ्यात पंचायत समितीच्या आवक टेबलावर असे अर्ज पडत असतात, आणि त्यातून हाती काही लागत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ नोंदीत असलेली माहिती देतो. 'का'चं उत्तर किंवा खुलासा नव्याने तयार करून द्यायला अधिकारी बांधील नाही. म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा, आणि तोही त्याच्या नावानिशी.

टँकरचंच घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव होतो, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार पाहणी करतात, वरून मंजुरी येते, मग टँकर सुरू होतो. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला कागद तयार होतो. अर्जात एवढंच लिहा: 'मौजे अमुक, तालुका तमुक, १ मार्च ते ३१ मे या काळातील टँकरने पाणीपुरवठा. मंजुरी आदेश, वाहन क्रमांकानुसार लॉगबुकची सर्व पाने, त्या वाहनांचा जीपीएस अहवाल, पुरवठादाराची देयके व प्रमाणके यांच्या साक्षांकित प्रती.' हे चारही कागद एकत्रच मागायचे, कारण एकाची खोट दुसऱ्यात उघडी पडते. मंजुरीत रोजच्या खेपा ठरलेल्या असतात, लॉगबुकात झालेल्या खेपा आणि गावकऱ्यांच्या सह्या, जीपीएसमध्ये गाडी खरंच कुठे होती ते, आणि देयक व प्रमाणकात (पैसे दिल्याच्या व्हाउचरमध्ये) पैसे किती खेपांचे उचलले ते. नुसतं लॉगबुक मागितलं तर ते सहसा नीटनेटकंच सापडतं.

लॉगबुक हातात आलं की सह्या बघा. महिनाभर एकच पेन, एकच वळण, खाडाखोड नाही, गाडी बिघडल्याची एकही नोंद नाही, असं पान रोजच्या रोज भरलेलं नसतं. मग वेळा बघा. पाणी भरायचा उद्भव आठ-दहा किलोमीटर लांब असेल आणि दोन खेपांमध्ये वीस मिनिटांचंच अंतर दिसत असेल, तर भरणं, येणं, रिकामं करणं आणि परत जाणं एवढ्या वेळात बसत नाही. त्या तारखांवर खूण करून जीपीएस अहवालाशी ताडून पाहा.

सिमेंट रस्ता किंवा नालीचं काम असेल तर कागदांची नावं वेगळी: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, देयक आणि प्रमाणक. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतलं काम असेल तर आधी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कामाचं नाव आणि खर्च पाहून घ्या आणि अर्जात कामाचं नाव तसंच्या तसं लिहा. सगळ्यात महत्त्वाची एमबी. रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी तीत असते आणि टेप घेऊन ती कुणालाही मोजता येते. पण एमबी बऱ्याचदा अभियंत्याकडे असते, त्यामुळे ग्रामपंचायतीतून 'आमच्याकडे उपलब्ध नाही' एवढंच लेखी येतं. हे चालत नाही. कलम ६(३) प्रमाणे ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्याकडे अर्ज ५ दिवसांत वर्ग करायचा असतो आणि तसं अर्जदाराला कळवायचं असतं.

अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात करायचा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडा. राज्याच्या २०१२ च्या दुरुस्तीमुळे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. टँकर आणि रस्ता एकाच अर्जात घातले की अर्ज अडतो. दोन अर्ज, दोन तिकिटं करा. 'सन २०१० पासून आजपर्यंत' असा लांबलचक कालावधीही टाकू नका. हाताने अर्ज देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. कुणी घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. पुढची सगळी मुदत त्या तारखेवर चालते.

फाईल जाड असेल तर आधी अवलोकन मागा. पाहणं, टिपणं घेणं हा कलम २(ञ) मधला हक्क आहे, आणि पहिल्या तासाला शुल्क नसतं. फाईल चाळून हवी तेवढीच पानं निवडली की २ रुपये पानाप्रमाणे खर्चही आटोक्यात राहतो. शेतमजुराने अर्ज केला आणि पाचशे पानांचं मागणीपत्र आलं, तर माहिती तिथेच थांबते. हे टाळता येतं.

उत्तराची मुदत ३० दिवस. शुल्काचं पत्र आलं तर ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस यात धरत नाहीत, म्हणून लगेच भरा आणि पावती घ्या. मुदत उलटून माहिती दिली तर कलम ७(६) प्रमाणे ती मोफत द्यावी लागते. 'माहिती विस्तृत आहे' म्हणत कलम ७(९) दाखवून नकार देणं चूक आहे. त्या कलमाने देण्याचं स्वरूप बदलता येतं, माहिती नाकारता येत नाही. 'फाईल सापडत नाही' असं लेखी आलं, तर पहिल्या अपिलात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा उल्लेख करून शोध आणि जबाबदारी निश्चित करण्याची मागणी करा. एखाद्या योजनेच्या लाभार्थ्यांची यादी मागत असाल तर त्यात आधार किंवा बँक खाते क्रमांक मागू नका. त्यावरून वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) पुढे करून अख्खा अर्ज फेटाळायला आयतं निमित्त मिळतं.

पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत, जोडपत्र 'ब' मध्ये, २० रुपयांच्या तिकिटासह. अपिलीय अधिकारी कोण, हे कार्यालयातल्या फलकावर किंवा उत्तराच्या पत्रात असतं. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत. अपिलात नवी माहिती मागायची नाही; मुद्दा क्रमांक घालून काय मिळालं नाही तेवढंच लिहायचं. तिथेही हाती काही आलं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. आयोगापुढे प्रकरणं तुंबलेली असतात, तारीख उशिरा लागते. म्हणून मूळ अर्ज, पोच, पत्रव्यवहार आणि पहिल्या अपिलाचा आदेश तारखेच्या क्रमाने लावून अपील दाखल करतानाच तयार ठेवा. दुसऱ्या अपिलाऐवजी कलम १८ ची तक्रार करण्याचा सल्लाही खूप जण देतात. अधिकाऱ्यावर दंड व्हावा एवढंच हवं असेल तर ती ठीक; तो दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये असतो. पण कागद हवा असेल तर अपीलच करा, कारण कलम १८ खाली माहिती देण्याचा आदेश आयोग काढू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.