महिन्याचे पुस्तक आणि मतांची मोजणी: माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस आणि आर्णी या तालुक्यांतल्या वाचकांचा आमचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. नोकरीसाठी पुण्याला गेलेली इथलीच मुलेही त्यात आहेत. दर महिन्याला सभासद मतदानाने एक पुस्तक निवडतात आणि महिनाअखेरीस त्यावर चर्चा होते. मतदानाचे काम माझ्याकडे आले ते बहुधा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असल्यामुळे. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून मतदार याद्या घेऊन फिरण्याचा अनुभव पुस्तकांच्या कामी येईल, असे मला तोवर कधी वाटले नव्हते.

२०२२ च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर पोलची सोय आली आणि सुरुवातीला आम्ही तीच वापरली. पोल सोपा होता, पण त्यात कोणी कोणत्या पुस्तकाला मत दिले ते सगळ्या गटाला नावानिशी दिसे, आकडेही तिथल्या तिथे वाढताना दिसत. संध्याकाळी पोल टाकला की ज्यांच्याकडे फोन, नेटवर्क आणि सवड तिन्ही असत, ते पहिल्या काही मिनिटांतच मते देऊन मोकळे होत. ज्या आठवड्यात शेतीपंपाला रात्रीची वीज असते, त्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी देऊन पहाटे घरी आलेल्या माणसाला दुपारी फोन उघडल्यावर निकाल जवळजवळ लागलेलाच दिसे, आणि मग तोही पुढे असलेल्या पुस्तकावरच खूण करी. एका ताईंना मी त्यांची निवड कशी झाली ते विचारले, तर त्या अगदी सहज म्हणाल्या, "मॅडम, तुमचं मत पाहूनच तं म्या देल्लं." लबाडी कोणीच केली नव्हती, तरी ते मतदान निकोप नव्हते. आजही मला वाटते की खोट्या मतांपेक्षा ही भीड मोडणे अधिक अवघड होते.

लबाडीच्या जवळ जाणारा प्रसंग मात्र एकदा घडला. एका सभासदाने स्वतःचाच कवितासंग्रह सुचवला आणि मतदानाच्या तोंडावर त्यांचे भाचे, पुतणे आणि मित्र गटात दाखल झाले. नवे वाचक नकोत, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? म्हणून सरकारी मतदार यादीला जशी अर्हता दिनांकाची, म्हणजे पात्रता ज्या तारखेवर मोजतात तिची, अट असते, तशीच आम्ही घातली. पुस्तके सुचवण्याची मुदत ज्या दिवशी सुरू होते त्या दिवशी सभासदांची यादी पक्की होते आणि त्यानंतर आलेल्यांना पुढच्या महिन्यापासून मत मिळते. लेखकाने स्वतःचे पुस्तक स्वतः सुचवू नये, असेही ठरले. झालेल्या मतदानाला हे नियम मागाहून लावले नाहीत, म्हणून ते गृहस्थ रुसले तरी गट सोडून गेले नाहीत.

पोलऐवजी गूगल फॉर्म घ्यावा, असे पुण्याच्या मुलांनी सुचवले. त्यात नावे आणि आकडे झाकता येतात आणि प्रत्येकाला एकदाच उत्तर देण्याची अटही घालता येते, परंतु ती अट गूगल खात्यावर चालते. आमच्याकडे एका घरात फोन एक आणि वाचणारे दोघे-तिघे असतात. वडिलांनी मत दिले की त्याच खात्यावरून लेकीला देता येत नाही, आणि ज्याच्याकडे तीन खाती आहेत त्याला मात्र तीनदा देता येते. जे कुंपण चोरासाठी घातले तेच घरच्यांना अडवू लागले, तेव्हा फॉर्म सोडून दिला.

शेवटी मत फोनमागे न देता यादीतल्या नावामागे द्यायचे ठरले. मतदान तीन दिवस चालते आणि त्यांत बाजाराचा दिवस येईल असे पाहिले जाते. मत खासगी संदेशाने, फोन करून किंवा गावच्या ग्रंथालयातल्या पेटीत नाव लिहिलेली चिठ्ठी टाकून देता येते. त्या महिन्यात ज्यांनी पुस्तक सुचवलेले नाही असे दोघे मते मोजतात आणि मुदत संपेपर्यंत एकही आकडा बाहेर सांगत नाहीत. प्रत्येक मतदाराला एक खूणक्रमांक मिळतो. निकालाच्या तक्त्यात नावे नसतात, फक्त हे क्रमांक आणि त्यांपुढची पसंती असते, त्यामुळे आपले मत बरोबर धरले की नाही ते ज्याचे त्याला तपासता येते. मोजणाऱ्या दोघांना सगळे कळते, एवढी उणीव या पद्धतीत आहेच.

मते फुटण्याचा प्रश्न तरीही उरला होता. पाच पुस्तकांत मते विभागली की निम्म्याहून अधिक लोकांना नको असलेले पुस्तकही निवडून येई. यावरचा उपाय गटातल्या पदवीधरांच्या ओळखीचाच होता. अमरावती विभागाच्या पदवीधर मतदारसंघात आम्ही जांभळ्या स्केच पेनने १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत पहिल्या पसंतीवर कोणीच कोटा, म्हणजे विजयासाठी लागणारी मते, गाठला नाही आणि बाद फेऱ्यांमुळे मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली, हे सगळ्यांच्या लक्षात होते. आमच्याकडेही तोच हिशेब चालतो. वीस वैध मते असतील, तर निम्म्याहून एक अधिक म्हणजे अकरा मते लागतात; तेवढी कोणालाच नसतील, तर सर्वांत कमी मतांचे पुस्तक बाद होते आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. शेवटी बरोबरी झाली, तर चिठ्ठी काढायची. ही पद्धत आल्यावर पहिल्या पसंतीत आघाडीवर असलेली एक जाडजूड, महागडी कादंबरी शेवटच्या फेरीत मागे पडली, कारण तिच्या चाहत्यांखेरीज इतर कोणी तिला दुसरी पसंतीही दिली नव्हती. निकालावर कुरकुर झाली, पण मोजणीवर कोणी बोट ठेवले नाही.

अलीकडे एक नवी मागणी आली आहे. जे सलग दोन चर्चांना आले नाहीत त्यांचे मत धरू नये, असे काहींचे म्हणणे आहे, आणि पुस्तक निवडून न वाचणाऱ्यांविषयीचा त्यांचा राग मला समजतो. परंतु सोयाबीनची कापणी आणि त्यापाठोपाठ कापसाची वेचणी सुरू झाली की गटातल्या बायका दोन महिने चर्चेला येऊ शकत नाहीत, पुस्तक वाचलेले असले तरीही. म्हणून मी त्या मागणीच्या विरोधात बोलले आणि तिच्यावरही गुप्त मतदानच घ्यावे असे सुचवले. ते येत्या बाजाराच्या दिवशी संपेल.