आमची वाटचाल : तपकीर गल्लीतला अ‍ॅम्पवाला

अ‍ॅम्प्लिफायर बनवायचं दुकान २००६ ला टाकलं, मी आणि माझा तेव्हाचा पार्टनर. पुण्याच्या तपकीर गल्लीत जिन्याखाली ८ बाय १० ची जागा, एक २५ वॅटची सोल्ड्रॉनची सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर आणि सिरीज बोर्ड, म्हणजे मेन आणि अ‍ॅम्पच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब लावलेला. सिरीज बोर्ड अजून तोच आहे, होल्डर दोनदा बदललाय फक्त. नवीन अ‍ॅम्प पहिल्यांदाच डायरेक्ट मेनवर लावणारा पोरगा माझ्याकडे टिकत नाही. बल्ब चमकून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद कर, चहा पिऊन ये, मग शोध.

मी अ‍ॅम्पचे बोर्ड भरायचो, म्हणजे पार्ट लावून सोल्डर करायचो, तो गिऱ्हाईक आणि खरेदी बघायचा. बोलायला एक नंबर. पॅनलवर पीएमपीओ, म्हणजे फुगवलेला आकडा, १२०० वॅट लिहू म्हणायचा, मी ५० आरएमएस, म्हणजे सलग मिळते ती खरी पॉवर, लिहायचो, त्यावरून रोज वाजायचं.

२०११ ला गणपतीच्या आधी २६ सेट केले. आउटपुटला ५२००-१९४३ या पॉवर ट्रान्झिस्टरची जोडी, चॅनलला एक, सेटला दोन चॅनल, म्हणजे १०४ नग, आणि ते त्याने बिनबिलाचे आणले, जोडीमागे २० रुपये वाचवले म्हणून खूश. बिनबिलाचा माल डुप्लिकेट निघाला की काय होतं, आता तुम्हाला माहितीच आहे. दसऱ्यापर्यंत ११ सेट परत आले, नुसते नाही, स्पीकर घेऊन आले. २५-०-२५ चा ट्रान्सफॉर्मर म्हणजे डीसी ३५ व्होल्ट प्लस-मायनस, ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ते सगळं सरळ स्पीकरच्या कॉइलवर, आठ ओहमच्या कॉइलचा रेझिस्टन्स मीटरवर जेमतेम सहा, मग वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, राहतोय कशाला. एक ट्रान्झिस्टर हातोडीने फोडला तर आतली चिप एवढीशी, ओरिजिनलच्या निम्मी पण नाही. प्रोटेक्शन रिले, म्हणजे बिघाड झाला की स्पीकर वेगळा करणारा स्विच, मी तेव्हा टाकत नव्हतो ही माझी चूक, ती मी मान्य करतो. पण माल कोणी आणला होता?

हे पार्टनर साहेब महिन्याभरात वेगळे झाले, समोरच्याच लाइनीत दुकान टाकलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले की माझं सोल्डरिंग कच्चं. ड्राय सोल्डर आणि डुप्लिकेट ट्रान्झिस्टर यातला फरक गिऱ्हाइकाला काय कळणार!

मी सगळे २६ सेट बोलावून घेतले, बायकोची एफडी मोडली. त्यात आमचे एक काका, रेल्वेतून रिटायर, कुमार गंधर्वांचं गाणं ऐकायचं म्हणून माझ्याकडून अ‍ॅम्प घेतलेले. त्यांचे दोन्ही वूफर गेले. रिक्षातून घेऊन आले, दुकानात चारजण माझ्यावर ओरडत होते, काका स्टुलावर बसून राहिले. गर्दी हटल्यावर म्हणाले, "सावकाश कर रे, तोवर रेडिओ आहे." आणि जाताना पुतण्याच्या अ‍ॅम्पचे ५००० अ‍ॅडव्हान्स ठेवून गेले. पुतण्याने काही मागितला नव्हता हे मला नंतर कळलं.

पुढची वर्षं बरी गेली.

काकांचा विषय निघाला म्हणून सांगतो, हौसेला लाखभर लागत नाहीत. ३० हजार असतील तर निम्मे स्पीकरवर घाला. जुने घेत असाल तर वूफरच्या कडेचा फोम बोटाने दाबून बघा, भुगा पडला तर तेवढे पैसे कमी करून मागा. कोपऱ्यात ठेवू नका, बास नुसता घुमतो, भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढा, बायको ओरडेल, ओरडू दे. आणि केबलला हजारो रुपये कशाला, घरच्या फिटिंगची अडीच स्क्वेअर एमएमची वायर चालते.

मागच्या महिन्यात एकजण अ‍ॅम्प घेऊन आला, एक चॅनल बंद. स्टिकर समोरच्या दुकानाचं. उघडला तर आत माझाच बोर्ड, २००९ चा, कडेला माझ्या मार्करने तारीख टाकलेली. ते सोल्डरिंग अजून चकचकीत होतं, व्हॉल्यूमचा पॉट, बटणामागचा कंट्रोल, तेवढा गेला होता. गिऱ्हाइकाला बोलावून दाखवलं, फोटो पण काढून ठेवलाय.