शेवटचं खातं कुठलं?

परीक्षा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस म्हणजे आमच्या खिडकीसमोर जत्रा. मी एका खासगी संस्थेत शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळतो. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढे आमचीच लाज निघणार आहे. आमच्याकडे हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. येणारी मुलं बहुतेक बीएचएमएस, बीएएमएस, बीफार्म नाहीतर नर्सिंग केलेली. त्यांना एनएबीएचचे म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचे निकष, टीपीएची म्हणजे विम्याची बिलं, ओपीडीतली रांग, पिवळ्या-लाल पिशव्यांतला जैविक कचरा असं सगळं शिकवतात. त्यातल्या बऱ्याच जणांची फी सरकार भरतं, आणि ते सरकार म्हणजे माझं टेबल, असा मुलांचा समज असतो.

त्या दिवशी दुपारी लेखा विभागातल्या मॅडम एक यादी घेऊन आल्या. सात नावांवर लाल रेघ. "यांचे पैसे यांच्या खात्यात जाऊन महिना झाला. आपल्याकडे दमडी भरलेली नाही. यांचे फॉर्म अडवा."

इथे जरा मागचं सांगायला हवं. आम्ही जिला नुसतं 'जीओआय' म्हणतो ती भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आलेली आहे. अनुसूचित जातीच्या, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या मुलांना ती मिळते. पूर्वी फीचे पैसे थेट कॉलेजच्या खात्यात यायचे. मुलाला फक्त निर्वाह भत्ता. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४० टक्के, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात. बदल चुकीचा नव्हता. कागदावरच्या मुलांच्या नावाने शिष्यवृत्ती लाटणाऱ्या संस्था महाराष्ट्राने पाहिल्यात, त्यासाठी चौकशीचं पथक नेमावं लागलं होतं. पण तेव्हापासून माझं काम अर्ज तपासण्याचं कमी आणि वसुलीचं जास्त झालं. पैसे आले की सात दिवसांत मुलाने फी भरायची, हा नियम. सात दिवसांत घरी कोण आजारी पडतं, कुणाचं पत्र्याचं छप्पर उडतं, ते नियमात नाही.

यादीतल्या सहा जणांनी कबूल केलं, पैसे आले, खर्च झाले, थोडे थोडे भरतो. सातवी मात्र हटून बसली. हिंगोली जिल्ह्यातली मुलगी, बीएस्सी नर्सिंग झालेली. रात्रपाळी करून वर्गाला येते, त्यामुळे डोळे कायम लाल.

"सर, माझ्या खात्यात रुपयासुद्धा आलेला नाही."

सरकारी पैसे कुणाला गेले ते दाखवणाऱ्या पोर्टलवर, पीएफएमएसवर, मी तिची नोंद काढली. 'क्रेडिट सक्सेस'. रक्कम ६६ हजारांच्या घरात. स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि जे बोलू नये ते बोललो, "बाळा, मशीन खोटं बोलत नाही." मागे रांग होती. सगळ्यांनी ऐकलं. तिने पिशवीतून पासबुक काढून माझ्यापुढे उघडून ठेवलं. सकाळीच एंट्री मारून आणली होती. शेवटची ओळ पगाराची, त्याच्या आधीची पगाराची, मध्ये एटीएमचे पाचशे-पाचशे. ६६ हजार कुठेच नाहीत.

आता आधारशी कुठली बँक जोडलेली आहे ते बघणं भाग होतं. त्यासाठी ओटीपी लागतो, आणि तो जातो आधारला जोडलेल्या मोबाईलवर. तो नंबर तिच्या आईचा. आई गावात आशा सेविका. तिसऱ्यांदा फोन लागला, मागे बाळांचं रडणं.

"अंगणवाडीत लसीकरण चालूय सर, लवकर बोला."

मी म्हटलं, ताई, एक ओटीपी येईल, तेवढा सांगा. त्या म्हणाल्या, "कशाला?" मी सांगितलं, पोरीची शिष्यवृत्ती जमा झालेली दिसते पण खात्यात नाही.

"मग पासबुक काय बघताय? आधारला शेवटचं कुठलं खातं जोडलं ते बघा. गरोदर बायांच्या मातृवंदना योजनेत हेच होतं. पहिलटकरणीचा फॉर्म मी भरते, पासबुक जिल्हा बँकेचं लावते, आणि पाच हजार जातात भलत्याच बँकेत. ती येऊन मलाच भांडते. आधार काय पासबुक ओळखत नाही सर, शेवटचं खातं ओळखतं."

चौदा वर्षं मी हे टेबल सांभाळतोय. आधार सीडिंगवर, म्हणजे खातं आधारशी जोडण्यावर, दोन प्रशिक्षणं झालीत, एकात चहाबरोबर ढोकळाही होता. एवढं सरळ मला तिथे कुणी सांगितलं नव्हतं. खात्यात आधार नंबर लिहिलेला असणं वेगळं आणि बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयच्या मॅपरवर, म्हणजे कुठल्या आधारला कुठली बँक त्या यादीत, त्या आधारपुढे ती बँक असणं वेगळं. मॅपरवर एका आधारपुढे एकच बँक राहते, शेवटी जोडलेली. पैसे तिकडे.

ओटीपी आला, पान उघडलं. बँकेचं नाव वाचून मुलीने कपाळावर हात मारला. ती बँकच नव्हती, म्हणजे आपण जिला बँक म्हणतो तशी. पेमेंट्स बँक, मोबाईलच्या अ‍ॅपवरून चालणारी. दोन वर्षांपूर्वी नवीन सिम घ्यायला गेली तेव्हा दुकानदाराने अंगठा दोनदा घेतला होता. "खातं पण निघतंय ताई, फुकट आहे." २०१७ मध्ये लाखो लोकांच्या गॅसचं अनुदान असंच न मागता उघडलेल्या खात्यांत गेलं होतं, तेव्हा पेपरांत केवढी बोंब झाली होती. पुढे नियम आले, संमती घ्यायचं ठरलं. संमती म्हणजे काय, तर तोच अंगठा.

आणि ते सिम तिने कधीच फेकून दिलं होतं. म्हणजे अ‍ॅप उघडेना, पिन येईना. उरला अंगठा.

फॉर्मची खिडकी पाचला बंद होणार. साडेतीन वाजले होते. खरं तर राखीव प्रवर्गाच्या मुलांचे फॉर्म शिष्यवृत्तीसाठी अडवायचेच नसतात, तसे शासनाचे आदेश माझ्याच कपाटात आहेत. ते काढून मी मॅडमच्या टेबलावर ठेवायला हवे होते. ठेवले नाहीत. मॅडमशी तडजोड केली: आज थोडे भरते, बाकीचं हमीपत्र. नोकरी करणाऱ्या माणसाचं शौर्य एवढंच असतं.

मी टेबल शिपाईमामांच्या हवाली केलं आणि तिच्याबरोबर समोरच्या गल्लीतल्या मोबाईलच्या दुकानात गेलो. काचेच्या कपाटात कव्हरं, वर हेडफोन लोंबतायत, आणि कोपऱ्यात आगपेटीएवढं ते लाल दिव्याचं यंत्र. आधार टाकून अंगठ्यावर एका वेळी दहा हजार निघतात. तिने उजवा अंगठा ठेवला. लाल. पुसून परत ठेवला. लाल. तिचा हात तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. सॅनिटायझर आणि ग्लोव्हजने बोटांची टोकं सोललेली, गुळगुळीत. रेघा राहिल्याच नव्हत्या.

"केसांवरून फिरवा बोट," दुकानदार म्हणाला. तेलकटपणा आला की घेतं म्हणे. तिने फिरवलं. नाही घेतलं. दुसऱ्या हाताचा अंगठा, मग तर्जनी. मागचं गिऱ्हाईक टेम्पर्ड ग्लाससाठी घाई करत होतं. शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेवर टीक झाली आणि यंत्रातून चिठ्ठी सरकली. खाली शिल्लक छापलेली. तिने ती दोनदा वाचली, मग माझ्यापुढे धरली. काही बोलली नाही. "मशीन खोटं बोलत नाही" तिला आठवत होतं की नाही, मला मात्र आठवलं.

पाचला सात मिनिटं असताना फॉर्म गेला. खिडकीवर, अजून रांग होती तेव्हाच, मी तिला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "असू दे सर, झोप झाली नाही म्हणून मी पण आवाज चढवला." तिने आवाज चढवलेला नव्हता.

यादीतले बाकीचे सहा जण मी दुसऱ्या दिवशी परत बोलावले. त्यातल्या एकाचे पैसे खर्च झालेच नव्हते; मुळात आलेच नव्हते. शरमेने खोटं कबूल करून मोकळा झाला होता, हप्त्याने फी भरायला मित्राकडून उसने घेणार होता.

तिने नंतर आपल्या खऱ्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरला. आठवड्याने मॅपर बदलला का ते बघायला मी पुन्हा आईंना फोन लावला. ओटीपी त्यांनी दिला, पण फोन ठेवला नाही.

"बँकेचं नाव वाचून दाखवा."

मी वाचलं.

"आन् तारीख?"

तारीख वाचली.

"हां. मंग बरोबर हाय," म्हणाल्या, आणि पलीकडे कुणाला तरी बाळाचं वजन सांगू लागल्या.