मांडे करणाऱ्या हातांचे दुखणे

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. लग्नसराईत ऑर्डरीप्रमाणे पुरणाचे मांडे करून देणाऱ्या एक मावशी गेल्या उन्हाळ्यात आल्या, त्या औषधांच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी घेऊनच. "डॉक्टरसाहेब, रातले हात बधिर व्हई जास," म्हणत त्यांनी पंजा झटकून दाखवला. त्या झटकण्यातच निम्मे निदान होते.

दोन्ही मनगटे वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून धरायला सांगितल्यावर मिनिटभरातच अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या आल्या; करंगळी मात्र शाबूत राहिली. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटे मिटणाऱ्या ९ स्नायुरज्जूंसोबत मीडियन नर्व्ह ही संवेदनेची नस जाते; ती तिथे चेपली की होणारा आजार म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम. करंगळीची संवेदना या नसेकडे नसते, म्हणून हा फरक महत्त्वाचा. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा किंचित बसलेला पाहून मला काळजी वाटली; नस फार काळ चेपलेली असल्याची ती खूण.

पिशवीतली बहुतेक पाकिटे जास्त मात्रेच्या बी ६ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची होती. नसांना ताकद येते असे कोणीतरी सांगितल्यावरून त्या महिनोन्‌महिने घेत होत्या. वास्तविक प्रौढ माणसाची रोजची गरज २ मिलिग्रॅमच्या आसपास असते. आपल्या रावेर-यावलच्या एका मध्यम केळ्यातून सुमारे ०.४ मिलिग्रॅम मिळते, हरभरा आणि शेंगदाण्यांतूनही भर पडते. या आजारात बी ६ गुणकारी असल्याचा भक्कम पुरावा नाही. उलट मोठी मात्रा दीर्घकाळ घेतली तर तीच नसांना इजा करून हातपाय बधिर करते. त्या गोळ्या मी त्याच दिवशी बंद केल्या.

मावशींचा आवाज घोगरा झाला होता, पापण्या सुजल्या होत्या आणि भर वैशाखात त्या अंगभर पदर घेऊन बसल्या होत्या. तपासणीत थायरॉईड मंदावल्याचे निघाले. त्यात मनगटातल्या ऊती फुगतात आणि नस चेपली जाते. पीठ तिंबण्याच्या कष्टाने त्यावर ताण वाढला होता. मधुमेह नव्हता, पण घर माळकरी आणि दूध केवळ चहापुरते, त्यामुळे बी १२ कमी होते. ते दुखणे वेगळे असले तरी नसेला आणखी दुबळे करते, म्हणून इंजेक्शने दिली आणि जेवणात दही-ताक वाढवायला सांगितले. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी, चहा निदान अर्ध्या तासाने आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने, हे मी त्यांच्या सुनेकडून वदवून घेतले. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला.

काही महिन्यांत डावा हात मोकळा झाला. उजव्याची नस-तपासणी मात्र खराब आली, तेव्हा शस्त्रक्रियेसाठी मी त्यांना जळगावला पाठवले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे करता येतील का, असे त्यांनी विचारले; मांडे हातावर वाढवण्याचे पाहू, पण पीठ तिंबायचे काम आता सुनेकडेच द्या, असे मी सांगितले.