तुम्ही विचारलंत म्हणून : जुने यंत्र चालवून का दाखवत नाही?

संग्रहालयांतील जुन्या संगणकांविषयी आणि उपकरणांविषयी बोलायला मी उभी राहिले की शेवटी हमखास कोणीतरी विचारते, ‘यंत्र धडधाकट दिसते आहे, मग ते चालवून का दाखवत नाहीत?’ आणि एखादे यंत्र चालू असलेच, तर ‘इतकी दुर्मीळ वस्तू अशी झिजवायची का?’ हाही प्रश्न ठरलेलाच. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी मात्र आधी एवढेच पाहते, की त्या यंत्रात झिजणार काय आहे.

ग्रीनिचच्या वेधशाळेत जॉन हॅरिसन याने समुद्रावर रेखांश काढता यावेत म्हणून अठराव्या शतकात घडवलेली घड्याळे आहेत. त्यांतली पहिली तीन आजही चालतात. चौथे, म्हणजे ज्याने अखेर प्रश्न सोडवला तेच, थांबवून ठेवले आहे. पहिल्या तिघांना तेल लागत नाही, चौथ्याला लागते, आणि तेल आले की झीज आली, वरचेवर उघडणे-पुसणे आले. एकाच माणसाच्या हातच्या घड्याळांना वेगवेगळा न्याय लावावा लागतो, तो यासाठी. याउलट पॅरिसमध्ये फूकोचा ऐतिहासिक लंबक झुलत ठेवला होता. २०१० मध्ये त्याची तार तुटली आणि गोळा कायमचा चेपला. पृथ्वी फिरते हे दाखवायला कोणताही जड गोळा चालला असता, त्यामुळे हा धोका पत्करायला नको होता, असे माझे मत आहे.

संगणकाचे दुखणे निराळे असते. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या यंत्रातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या (वीज साठवणाऱ्या भागाच्या) आतला ऑक्साइडचा थर क्षीण झालेला असतो. एकदम पूर्ण विद्युतदाब दिला तर कपॅसिटर तापून फुटतो, म्हणून व्होल्टेज तासन्‌तास हळूहळू चढवत न्यावे लागते. फीत ओढणाऱ्या रबरी रुळांचा तर कित्येकदा चिकट लगदा झालेला असतो. हे भाग बदलण्यात मला काही गैर वाटत नाही, कारण यंत्र कामावर होते तेव्हाही ते बदललेच जात. फक्त काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून जपावा आणि नव्याची नोंद वहीत करावी; नाहीतर पन्नास वर्षांनी मूळचे काय आणि आपले काय, हे कोणालाच सांगता येणार नाही.

इतका खटाटोप कशासाठी, हे इंग्लंडमधील ब्लेचली पार्कच्या राष्ट्रीय संगणन संग्रहालयातील हारवेल डेकाट्रॉन या जुन्या संगणकामुळे कळते. १९५१ मध्ये कामाला लागलेले हे अडीच टनांचे यंत्र दुरुस्त करून २०१२ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आले. त्यातील प्रत्येक डेकाट्रॉन नळीत निऑनचा एक नारिंगी ठिपका दहा जागांवरून फिरतो. तो ज्या जागी थांबेल तो अंक. म्हणजे यंत्राची स्मृती नुसत्या डोळ्यांनी वाचता येते, आणि फेरी पूर्ण झाली की हातचा शेजारच्या नळीत गेलेलाही दिसतो. एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद लागतात. पूर्वी एकाने हाताने चालवायचे गणनयंत्र घेऊन त्याच्याशी स्पर्धा लावली होती. सुमारे अर्धा तास तो बरोबरीने टिकला, मग थकला, आणि यंत्र आपले चालतच राहिले. हा चिवटपणा काचेआडच्या थंड नळ्यांकडे पाहून कळत नाही. (प्रदर्शनासाठी यंत्र संथ असणे हा केवढा मोठा गुण आहे!)

कोलोसस हा महायुद्धकालीन संगणक किंवा मँचेस्टरचा ‘बेबी’ हा आरंभीचा संगणक चालताना पाहायचा असेल तर निःशंक पाहावा, कारण दोन्ही ठिकाणी चालते ती नव्याने बांधलेली प्रतिकृती. मेलबर्नच्या सायरॅकविषयी मात्र मी आग्रह धरणार नाही. १९४९ मध्ये पहिली आज्ञावली चालवलेला हा संगणक जवळजवळ संपूर्ण उरला आहे, आणि त्याला वीज देत नाहीत. त्याच्या पिढीतले इतके अखंड दुसरे यंत्र नाही. त्यातला मूळ डाग न्‌ डाग, तार न्‌ तार हाच पुरावा आहे, आणि दुरुस्तीला हात घालताच नेमका तोच पहिल्यांदा पुसला जाईल.