एमआयटीचा व्हायब्रेशन्स अँड वेव्ह्ज कोर्स घरबसल्या केला, त्याचा वृत्तांत

प्लांटमध्ये मेंटेनन्स बघणाऱ्या आणि पंप-ब्लोअरची व्हायब्रेशन रीडिंग घेणाऱ्या बऱ्याच मित्रांचा एकच प्रश्न असतो, की मीटरवरचा आकडा कळतो पण तो का वाढला ते मुळापासून कुठं शिकायचं. अमेरिकेतल्या एमआयटीचा ८.०३ नावाचा व्हायब्रेशन्स अँड वेव्ह्ज (कंपनं आणि लाटा) कोर्स नुकताच पूर्ण झालाय, तर ज्यांना याच वाटेनं जायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी सामान. एमआयटी ओपनकोर्सवेअरवर, म्हणजे त्यांच्या मोफत कोर्सच्या साइटवर, ८.०३एससी असं शोधा. २०१६ सालची प्रोफेसर येन-जिए ली यांची २३ लेक्चर्स आहेत, एकेक साधारण सव्वा तासाचं. लॉगिन नाही, फी नाही, सर्टिफिकेटही नाही. व्हिडिओ डाउनलोड करून ठेवता येतात त्यामुळं शिफ्टला जाता-येता बसमध्ये बघायला अडचण नाही. नोट्स, प्रॉब्लेम सेट, परीक्षेचे पेपर सगळं तिथंच. पुस्तक हॉवर्ड जॉर्जी यांचं 'द फिजिक्स ऑफ वेव्ह्ज', तेही नेटवर मोफत आहे. कॉम्प्लेक्स नंबर, साधी डिफरन्शियल इक्वेशन्स आणि मॅट्रिक्स एवढं निघायच्या आधी घासून घ्या, नाहीतर चौथ्या लेक्चरला दम लागेल.

पहिली तीन लेक्चर्स म्हणजे स्प्रिंग, डॅम्पिंग (हलणं हळूहळू शमवणारा विरोध) आणि बाहेरून दिलेला धक्का. डिप्लोमा-डिग्रीला हे सगळं झालेलं असतं म्हणून उड्या मारायचा मोह होतो, पण तिसरं नीट बघा, कारण रेझोनन्स म्हणजे धक्क्याची लय वस्तूच्या स्वतःच्या लयीशी जुळून हलणं खूप वाढणं, आणि त्या रेझोनन्सच्या खाली, रेझोनन्सवर आणि रेझोनन्सच्या वर अशी तीन वेगळी वागणूक तिथं कळते. दोरीला किल्ली बांधा, दोरीचं वरचं टोक हातात धरून अगदी हळू डावीकडे-उजवीकडे हलवा, किल्ली हाताबरोबर येते. आता हात भराभर हलवा, किल्ली जवळजवळ जागची हलत नाही. मशीनखाली अँटी-व्हायब्रेशन माउंट का लावतात ते एवढ्यात कळतं, आणि चुकीचा माउंट निवडला तर थरथर उलट वाढते ती का, तेही.

रेझोनन्स म्हटलं की कुणीतरी हमखास टॅकोमा नॅरोजचा पूल दाखवतं, ७ नोव्हेंबर १९४० ला वाऱ्यात पिळवटून पडला तो. तो साधा रेझोनन्स नव्हता. वारा एका लयीत धक्के देत नव्हता, ताशी साधारण ६५ किलोमीटरचा सलग वारा होता, पुलाच्या स्वतःच्या पिळण्यामुळंच तो वाऱ्यातून ऊर्जा खेचत गेला, म्हणजे डॅम्पिंग जणू उलट्या चिन्हाचं झालं. याला फ्लटर म्हणतात. हा फरक पहिल्या आठवड्यातच डोक्यात पक्का केला तर पुढं खूप सोपं जातं.

आता खरा घाट, चौथ्यापासून नवव्या लेक्चरपर्यंत. माझ्या मते अख्खा कोर्स याच सहा लेक्चर्ससाठी करावा. दोन सारखी वस्तुमानं, तीन सारख्या स्प्रिंग, एवढंच चित्र असतं, पण त्याचे दोनच नॉर्मल मोड, म्हणजे सगळे भाग एकाच फ्रिक्वेन्सीनं हलायच्या पद्धती, निघतात, एक दोघं बरोबर हलणारा आणि एक दोघं विरुद्ध हलणारा, दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी पहिल्याच्या वर्गमूळ तीन म्हणजे १.७३ पट, आणि बाकी कितीही वेडंवाकडं हलणं दिसलं तरी ते या दोनांची बेरीज असतं. हे पटलं की मशीन बघायची नजर बदलते. घरी दोन खुर्च्यांमध्ये सुतळी ताणून बांधा आणि तिला सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन सारखी कुलपं लटकवा. एकाला झोका द्या. हळूहळू पहिलं थांबतं आणि दुसरं पूर्ण झोक्यात येतं, मग परत उलटं. एका दोरीची लांबी थोडी बदलली की ही देवाणघेवाण अर्धवट होते. मुलं घरात असतील तर त्यांना जरूर दाखवा.

मग दोनाची तीन, तीनाची अगणित वस्तुमानं होतात, आणि सरांचा हात फळ्यावर चालू असताना अचानक तेच समीकरण लाटेचं समीकरण होऊन समोर येतं, वेग म्हणजे ताण भागिले दर मीटर वस्तुमान, त्याचं वर्गमूळ. इथं व्हिडिओ थांबवून स्वतःच्या हातानं ती पायरी उतरवा, नुसतं बघून काही हाती लागत नाही. अडलात तर याच विषयावर प्रोफेसर विट बुझा यांचे प्रॉब्लेम सोडवून दाखवणारे व्हिडिओ ओपनकोर्सवेअरवर आहेत, फार शांतपणे शिकवतात.

बाराव्यापासून मॅक्सवेलची वीज-चुंबकत्वाची समीकरणं आणि प्रकाश सुरू होतो. फक्त मेकॅनिकलसाठी आला असाल तर पोलरायझेशनची लेक्चर्स भरभर बघितली तरी चालतील, पण फोरियर ट्रान्सफॉर्म (कंपनातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायचं गणित) आणि द्विमितीय लाटांची सोडू नका. ढोलकाच्या साध्या एकसारख्या पडद्याचे ओव्हरटोन, म्हणजे मूळ सुराच्या वरचे सूर, १.५९, २.१४ असे विचित्र पटीत येतात म्हणून त्यातून सूर नीट लागत नाही, आणि तबल्यावरची शाई मधलं वजन वाढवून तेच जवळजवळ पूर्ण पटीत आणते. सी. व्ही. रामन यांनी हे १९२० साली नेचरमध्ये लिहिलं होतं. फोनवर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप टाका, आखेन विद्यापीठाचं आहे, त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती जोराची ते, दिसतो, तबलजी मित्राला बसवून स्वतः बघा. त्याच ॲपमध्ये फोनच्या सेन्सरवरून कंपनाचा स्पेक्ट्रमही मिळतो. १४४० आरपीएमची मोटर म्हणजे २४ हर्ट्झ, ती सहज दिसते. फक्त फोन सेकंदाला जितकी रीडिंग घेतो त्याच्या निम्म्याच्या वरची फ्रिक्वेन्सी खरी मानू नका, आणि फिरत्या भागाजवळ फोन नेऊ नका.

शेवटच्या लेक्चरमध्ये गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या लाटा, आहेत, आणि तो विषय आता आपल्या हिंगोली जिल्ह्यातला आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही या लहरी पकडणारी वेधशाळा होतेय, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं मंजुरी दिली. ४ किलोमीटरच्या दोन भुजा असतात, आणि लायगोचा ४० किलोचा आरसा एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीनं टांगलेला असतो. का, ते किल्लीच्या प्रयोगावरून सांगता येतं. रेझोनन्सच्या दहापट फ्रिक्वेन्सीला एक लंबक जमिनीची थरथर शंभरपट कमी करतो, तर चार टप्पे ढोबळ हिशोबानं दहा कोटीपट. पुढं तिथं काम करायचं स्वप्न असणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरापोरींनी हा कोर्स बारावीनंतर लगेच धरावा असं मनापासून वाटतं.

रोटर, बॅलन्सिंग, बेअरिंगच्या फ्रिक्वेन्सी हे ८.०३ मध्ये नाही, त्यासाठी एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या मोफत ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, आयआयटी गुवाहाटीचा मेकॅनिकल व्हायब्रेशन्स घ्या. गणित जड वाटत असेल तर आयआयटी खरगपूरचा ऑसिलेशन्स अँड वेव्ह्ज आधी करा. तिकडं जाताना चिन्हं बदलतात एवढं लक्षात ठेवा, इथं डॅम्पिंगला गॅमा आहे, इंजिनियरिंगमध्ये झीटा, आणि दोन्हीकडचा दुवा म्हणजे क्यू (रेझोनन्स किती तीव्र आहे त्याचा आकडा) बरोबर एक भागिले दोन झीटा. कागदावर लिहून टेबलाला चिकटवून टाका.