डॉक्टर ओबेर आणि त्याची आपली माणसं

१६८७ साली हॉलंडमध्ये एका परागंदा फ्रेंच माणसाने दुसऱ्या परागंदा फ्रेंच माणसाविरुद्ध चक्क फिर्याद छापून काढली. फिर्यादी पिएर झ्युरिए, रॉटरडॅमचा धर्मोपदेशक आणि धर्मशास्त्राचा प्राध्यापक. ज्याच्यावर रोख होता तो नोएल ओबेर द व्हर्से, आम्स्टरडॅममध्ये डॉक्टरकी करणारा. इथे राहायला आल्यापासून डच सहिष्णुतेचं कौतुक ऐकत आलेय, स्वतः केलंही आहे. पण हे वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

१५९८ च्या नांतच्या फर्मानाने फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना, म्हणजे ह्यूगनोंना, दिलेलं संरक्षण चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढून घेतलं. पाळकांनी पंधरा दिवसांत देश सोडायचा आणि बाकीच्यांनी मात्र सोडायचा नाही! पळताना सापडलेल्या पुरुषांना राजाच्या जहाजांवर वल्ही मारायला पाठवत. तरी दीड-दोन लाख माणसं निसटली. झ्युरिए शिकवायचा ती फ्रान्समधल्या सेदाँची प्रोटेस्टंट अकादमी राजाने त्याआधीच, १६८१ मध्ये, बंद पाडली होती. रॉटरडॅमहून तो पत्रं छापायचा, ती चोरून फ्रान्समध्ये जायची आणि मागे राहिलेल्यांना धीर द्यायची. त्याचं दुःख खरं होतं, हे मी आधीच सांगून टाकते.

ओबेर मूळचा फ्रान्समधल्या ल माँ गावचा, जन्माने कॅथलिक, पुढे प्रोटेस्टंट झालेला. १६८४ मध्ये त्याने टोपणनावाने ‘शांतताप्रिय प्रोटेस्टंट’ हे पुस्तक काढलं, तेही मुखपृष्ठावर झ्युरिएचं नाव घेऊन त्याच्याविरुद्ध. म्हणणं असं, की कॅथलिक श्रद्धेने मोक्षाचा पाया ढासळत नाही. आणि प्रोटेस्टंटांनी आपल्याच तत्त्वांना जागून सगळ्या ख्रिस्ती लोकांना आपल्यात सामावून घ्यावं, अगदी पाळक आणि विधी न मानणाऱ्या क्वेकरांना आणि सोसिनियनांनासुद्धा. सोसिनियन म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य न मानणारे. त्यांच्या पुस्तकांवर हॉलंडमध्येही १६५३ पासून बंदी होती, हे इथले अभिमानी लोक सहसा सांगत नाहीत. ज्यांच्या घरात राजाचे शिपाई घुसवले गेले, त्यांच्यात बसून हा म्हणतो कॅथलिकही तरतील! झ्युरिएचा संताप मला समजतो. फिर्याद नाही समजत. ज्याच्यामागे कालपर्यंत सरकार लागलं होतं, त्यानेच दुसऱ्यामागे सरकार लावायचं?

आणि ओबेर काही देव नाकारणारा नव्हता. ज्याला तेव्हा नास्तिक म्हणत त्या डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचं खंडन करायला त्याने अख्खं पुस्तक लिहिलं. फिर्याद निघाली त्याच वर्षी सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर त्याचा ग्रंथ आला.

आमच्या घरात आजीची वारी, आईचे गुरुवार आणि मामाचं नास्तिकपण एका पंगतीला बसलं. मामाला कुणी उठवलं नाही. जातीचा विषय काढला की ही फुशारकी टिकत नाही, ठाऊक आहे मला. पण मताच्या बाबतीत आपली घरं मोठ्या मनाची आहेत, हे मी कुणाहीसमोर म्हणेन. मग परदेशात आल्यावर आपण एवढे आखडतो का? इथल्या आपल्याच लोकांच्या एका ग्रुपवर तिकडच्या एका निर्णयाबद्दल मी चार शब्द लिहिले, तर “बाहेर राहून घरचं उणंदुणं काढू नका” असं सुनावलं गेलं. सुनावणारेही बाहेरच राहतात. मी लिहिणं थांबवलेलं नाही आणि थांबवणारही नाही. घराबद्दल बोलणं म्हणजे घर सोडणं नव्हे.

१६९० च्या सुमारास ओबेर फ्रान्सला परतला, पुन्हा कॅथलिक झाला, सोसिनियनांविरुद्ध लिहू लागला आणि १७१४ मध्ये पॅरिसमध्ये वारला. लोक त्याला सरडा म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ज्या गोटात आसरा मागितला तिथेच आपल्यावर फिर्याद निघाली, तर माणसाने कुठे जायचं? परत जाणाऱ्याला पळपुटा म्हणणं फार सोपं असतं.

झ्युरिए तिथे थांबला नाही. तत्त्वज्ञ पिएर बेल हा त्याचा सेदाँमधला सहकारी. तिथली नोकरी त्याला मिळवून देण्यात झ्युरिएचाच हात होता. दोघंही रॉटरडॅमला आले. पुढे मतं फाटली, झ्युरिए त्याच्याही मागे लागला आणि १६९३ मध्ये रॉटरडॅमच्या नगरसभेने बेलला प्राध्यापकीवरून काढून टाकलं.